कराडहून इमॅजिका: ६ वर्षांचा मुलगा, ६८ वर्षांची आई आणि पार्कमधला एक दिवस

प्रश्न थोडक्यात असा: कराडचं कुटुंब आहे. नवरा-बायको, १२ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जायचंय. पहाटे निघून रात्री घरी येता येईल का, आधी कुठली राईड घ्यावी, आईने दिवसभर काय करायचं, डबा चालतो का, आणि रांग टाळायचं ते महागडं तिकीट घ्यावं का.

मी साताऱ्याहून कुटुंबांच्या आणि महिला मंडळांच्या सहली काढते. २०१३ साली इमॅजिका सुरू झालं, आणि तेव्हापासून सुट्टी जवळ आली की याच पार्कची चौकशी सगळ्यात जास्त येते. घरातलं सगळ्यात लवकर दमणारं माणूस कोण, हे ओळखून दिवस त्याच्या बेताने आखायचा, हा माझा पहिला नियम. राईडची यादी हातात घेऊन आखलेला दिवस चार वाजेपर्यंत हमखास विस्कटतो. तुमच्याकडे असे दोघं आहेत आणि दोघांच्या दमण्याच्या वेळा वेगळ्या आहेत. मुलगा तीनच्या सुमारास बसकण मारेल. आईंचे गुडघे त्याच्या आधीच बोलायला लागतील, फक्त त्या तोंडाने काही बोलणार नाहीत.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एका दिवसात जाऊन येऊ नका. कराड ते सातारा ५० किलोमीटर, सातारा ते पुणे ११०, पुण्यातून खोपोली आणखी ७५ च्या आसपास. म्हणजे एका बाजूला २३५ च्या पुढे. चहा, टोलनाके आणि पुण्यातल्या नवले पुलाजवळची गर्दी धरली तर पाच तास सहज जातात. पार्क उघडताना दारात हवे असाल तर पहाटे पाचला निघावं लागेल, म्हणजे पोरांना चारला उठवायचं. ती गाडीत वाकडीतिकडी झोपणार, घाटात उठणार आणि त्यातलं एक तरी ओकणार. हे सगळं तिकिटाचे पैसे वसूल करायच्या आधीच.

त्याहून मोठी काळजी परतीची. दिवसभर उन्हात चाललेला माणूस रात्री नऊला स्टिअरिंगवर बसतो. खंबाटकीचा घाट चढायचा बाकी असतो, मागे सगळे झोपलेले, गाडीत एसी. आमचा चालक पार्कच्या आत पाऊल टाकत नाही. तो दिवसभर झोपतो, त्याचं त्या दिवशीचं तेच काम. घरची गाडी स्वतः चालवणार असाल तर तुमच्यासाठी तसं झोपणारं कोणी नाही, हे लक्षात घ्या.

त्यापेक्षा आदल्या दिवशी घरचं जेवण करून निवांत निघा. मुक्काम खोपोलीच्या बाजूला करा. लोणावळ्यात हॉटेलं भरपूर आहेत, पण सुट्टीत भाडी चढलेली असतात आणि सकाळी घाट उतरायचा राहतोच. खोपोलीला राहिलात की सकाळी पोरं सावकाश आवरतात. या बेतात आणखी एक फायदा आहे. महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर पार्क ज्या खोपोली-पाली रस्त्यावर आहे त्याच रस्त्याने पुढे. अष्टविनायकातले दोन गणपती या सहलीत होतात. माझ्या अनुभवात, "आम्हाला कशाला नेताय तिथं पाळण्यात बसायला" म्हणणाऱ्या सासूबाई महडचं नाव काढलं की स्वतःहून पिशवी भरतात. महड जाताना संध्याकाळी करा, पाली दुसऱ्या दिवशी सकाळी.

वाराचं गणित आपल्या बाजूच्या लोकांना थोडं सोयीचं आहे. एक्सप्रेसवेवर शनिवारी सकाळी मुंबईकर घाट चढत असतात आणि आपण उतरत असतो. रविवारी संध्याकाळी ते उतरतात, आपण चढतो. रस्ता त्यामुळे बरा मिळतो, पण पार्कमध्ये तेच मुंबईकर आणि पुणेकर आपल्या पुढे रांगेत उभे असतात. म्हणून मंगळवार, बुधवार, गुरुवार यांपैकी दिवस निवडा.

दिवाळीत नेमके कुठले दिवस, तर शाळेला सुट्टी लागली आणि वसुबारस अजून दोन-तीन दिवसांवर आहे ते. घराघरात फराळाची गडबड असते, कोणी बाहेर पडत नाही. तुमच्या चकल्या मागे पडतील, ते तुमचं तुम्ही बघा. पाडवा-भाऊबीज झाल्यावर मात्र टाळा. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, कारण त्याच दिवसांत पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर गुजरातच्या गाड्यांची रीघ लागते. ती सुट्टी खोपोलीलाही तशीच उतरते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. त्या गर्दीची एक गंमत आहे. बसेस साडेदहा-अकराला येतात, दुपारी दोनपर्यंत सगळ्या रांगा गणवेशांनी भरून जातात, आणि चार-साडेचारला शिट्टी वाजली की अर्धा पार्क रिकामा होतो. मुक्काम तिथेच असेल तर तो शेवटचा वेळ तुमचा.

आता रांगांकडे वळू. बहुतेक लोक रांगेची लांबी बघून ठरवतात आणि तिथेच फसतात. बघायचा असतो रांगेचा वेग. रोलर कोस्टरच्या एका गाडीत २८ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते असं धरा. तासाला ५६० माणसं गेली. पुढे २८० माणसं असली तरी अर्ध्या तासात नंबर लागतो. त्याउलट एखाद्या झुलत्या किंवा फिरत्या राईडमध्ये २० जण बसतात, पट्टे बांधणं, तपासणं, फिरणं, उतरणं यात सहा मिनिटं जातात. तासाला २००. तिथे पुढे फक्त १०० माणसं दिसली तरी अर्धा तासच. त्यामुळे बाहेरून छोटी दिसणारी रांग दुपारी सगळ्यात जास्त वेळ खाते. रांगेत शिरण्याआधी दोन मिनिटं बाजूला उभं राहा, किती जण आत सोडले आणि पुढची फेरी कधी सुटली ते बघा आणि मनात गुणाकार करा. मुलीला हे काम द्या. १२ वर्षांच्या पोरांना ते आवडतं आणि त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा बरोबर निघतात.

सकाळचा पहिला तास हा दिवसातला सगळ्यात मोलाचा. दार उघडल्यावर लोक फोटो काढत, दुकानं बघत, समोर दिसेल त्या पहिल्या राईडला लागतात. तुम्ही थेट मोठ्या राईडकडे चला. मुलीला नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर करायचा असेल तर तेव्हाच, मग जमलं तर स्क्रीम मशीन हा मोठा झोका. पार्क उघडायची वेळ आधी अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या, वारानुसार आणि मोसमानुसार बदलते. कुठली राईड देखभालीसाठी बंद आहे तेही तिथेच किंवा फोनवर विचारा. मुलगी महिनाभर ज्या एका राईडचं नाव घेत होती तीच बंद निघाली तर दिवसभर तोंड फुगलेलं राहतं.

नायट्रोला बसायला पायाखाली फळी नसते, पाय मोकळे लोंबकळतात. साधी चप्पल काढून ठेवावी लागते. मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला. डोकं मागच्या उशीला टेकवून ठेवा, म्हणजे मानेला हिसका बसत नाही. डोळे मिटू नका. गाडी कुठे वळणार हे दिसलं नाही तर शरीर सावरायला तयार राहत नाही आणि मळमळ वाढते. डोळ्यांना एक दिसतं आणि कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला दुसरं जाणवतं, त्या भांडणातूनच ही मळमळ येते. मागच्या रांगेत उतार जास्त जोरात जाणवतो, कारण पुढचे डबे आधीच खाली निघालेले असतात आणि ते मागच्याला ओढतात. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली रांग धरावी. डीप स्पेस ही रोलर कोस्टरची राईड अंधारात पळते, वळण दिसतच नाही. लांबी-उंची बघून "ही सोपी असेल" असं समजून घाबऱ्या मुलाला आधी तिथे नेऊ नका.

घाटात उलटी होणाऱ्यांना आपल्याकडे सर्रास अ‍ॅव्होमीन दिली जाते. तिने झोप येते. प्रवासात ते चालतं, पार्कच्या सकाळी पेंगणारं पोर घेऊन फिरावं लागतं. लहानांना द्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

६ वर्षांच्या मुलाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण रडारड इथेच होते. बहुतेक राईडच्या दारात उंचीची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी एक बोटही सवलत देत नाही. द्यायलाही नको. खांद्यावरून येणारा तो लोखंडी पट्टा ठराविक मापाच्या अंगासाठी बनवलेला असतो, त्याखालून लहान पोर सुटू शकतं. घरीच दाराच्या चौकटीला उभं करून बूट न घालता उंची मोजा. पार्कच्या संकेतस्थळावरच्या उंचीच्या यादीशी ताडून त्याला घरीच सांगा की तू या-या राईडमध्ये बसणार आणि त्या ताईच्या. दारात अर्धा तास उभं राहिल्यावर "तुला नाही" हे ऐकणं फार वाईट. तिकिटालासुद्धा बहुतेक पार्कमध्ये मुलांचं वय नाही, उंची बघतात. तोही हिशेब या मोजण्यातून होतो.

त्याला काय झेपेल याचा अंदाज आपल्या जत्रांमधूनच येतो. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही जत्रेत तो आकाशपाळण्यात वर गेल्यावर हसला का, ब्रेक डान्समध्ये रडला का, ड्रॅगन ट्रेनमध्ये पुन्हा बसायचं म्हणाला का, ते आठवा. पाळण्यात हसला आणि ब्रेक डान्समध्ये रडला असेल तर त्याला उंची चालते, गरगर चालत नाही. मग टबी टेक्स ऑफ आणि मॅजिक कॅरोसेल यांसारख्या सावकाश फिरणाऱ्या राईड त्याच्या. सलीमगढ भुताचं आहे, त्याला नेऊ नका. रात्री खोपोलीच्या लॉजवर तुम्हालाच जागावं लागेल. मोठ्या राईडला नवरा-बायकोने पाळीपाळीने बसा: एक जण मुलीबरोबर, दुसरा मुलाजवळ. काही ठिकाणी दुसऱ्या पालकाला पुन्हा पूर्ण रांग लावू न देता आत घेतात. दारातल्या कर्मचाऱ्याला आधीच विचारून घ्या.

आईंचं बघू. "त्या बाहेर सावलीत बसतील, त्यांचं तिकीट कशाला" हे मला दर सुट्टीत ऐकायला मिळतं. बाहेर वाहनतळ आहे, तिथे एका बाईने आठ तास काय करायचं? तिकीट काढा, ज्येष्ठांना बहुधा सवलत असते, आधार कार्ड बरोबर ठेवा. आणि आत नेल्यावर त्यांना पिशव्यांची राखणदार करू नका. तेवढ्यासाठी लॉकर असतात. त्यांचा दिवस वेगळा आखा. आय फॉर इंडियामध्ये मोठ्या पडद्यासमोर बसून आकाशातून देश बघायचा असतो. पाय अधांतरी राहतात, पण हिसके नसतात. माझ्या मंडळातल्या बायका त्यातून बाहेर पडल्या की पुन्हा जायचं म्हणतात. गोल फिरणाऱ्या घोड्यांवर त्या नातवाबरोबर बसू शकतात. मिस्टर इंडिया या राईडची खुर्ची हलते आणि आदळते, पाठीचं दुखणं असेल तर नको. रक्तदाब, हृदयविकार, मानेचं किंवा कमरेचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर मोठी राईड घ्यायची नाही. तिथे फलकावर हे लिहिलेलं असतं आणि आपले लोक तो फलक फोटोला पाठ लावून उभे राहायला वापरतात. चाकाची खुर्ची मिळते का हे प्रवेशद्वाराशीच विचारा. आई "मी काय म्हातारी झालेय का" म्हणाल्या तरी विचारून ठेवा.

कपड्यांचं. सहावारी साडीचा पदर, ओढणी, लांब मंगळसूत्र, हे सगळं चाकं आणि पट्ट्यांच्या जवळ धोक्याचं. नऊवारीत काष्टा असतो तरी पदर राहतोच. पंजाबी ड्रेस घालून ओढणी गाडीत ठेवली की झालं. दागिने घरी. चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाईल चेनच्या खिशात, नाहीतर लॉकरमध्ये. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं, आणि तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. नसेल तर तिथे भाड्याने मिळतो. लहान मुलं आणि ज्येष्ठ सोबत असताना दोन्ही पार्क एका दिवसात करू नका. दोन्हींचा थोडा थोडा भाग होतो आणि पूर्ण काहीच होत नाही.

उन्हाबद्दल आपल्या लोकांचा एक गैरसमज आहे. "आम्ही कराड-सांगलीचं ऊन खाल्लंय" म्हणतात. आपलं ऊन कोरडं. घाम येतो, उडून जातो आणि अंग गार पडतं. घाटाखाली हवा दमट, तिथे घाम अंगावरच राहतो, उडतच नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. तापमान आपल्याइतकंच किंवा कमी असूनही माणूस लवकर गळतो. ऑक्टोबरमध्ये हे जास्त जाणवतं. तहान लागायची वाट न बघता दर तासाला पाणी प्या. ओआरएसची पाकिटं घ्या, पण मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून पोराला पाजणाऱ्या आया मी बघितल्यात, तसं करू नका. १२ ते ३ या वेळात आतल्या, एसीच्या राईड आणि कार्यक्रम घ्या. राजासॉरस किंवा स्प्लॅश अहॉयसारख्या भिजवणाऱ्या राईड तीननंतर, म्हणजे उरलेल्या उन्हात कपडे वाळतात. भिजून लगेच एसीच्या नाट्यगृहात बसलं की पोराला शिंका सुरू. मोज्यांचा एक जास्तीचा जोड ठेवा. ओल्या मोज्यात दोन तास चाललं की टाचेला फोड येतो आणि पुढचा दिवस लंगडत.

डबा आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं एवढीच सूट बहुतेक ठिकाणी असते. दारात पिशव्या तपासतात, तिथे हुज्जत घालून सकाळचा तो मोलाचा तास घालवू नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, जे काही आणलंय ते गाडीतच पोटभर खाऊन आत जा. भडंग गाडीत ठेवा, संध्याकाळी बाहेर आल्यावर पोरं त्यावर तुटून पडतात. आतलं जेवण महाग असतं, तेवढे पैसे बाजूला काढूनच निघा. जेवायला एक-दोनच्या ठोक्याला जाऊ नका, पावणेबाराला किंवा अडीचला जा. लोक जेवत असतात तेव्हा रांगा थोड्या ओसरतात. जेवल्यावर तासभर गरगर फिरणारं काही नको.

मुलगा हरवण्याची भीती सगळ्यांना असते आणि तयारी फार कमी जण करतात. सकाळी आत शिरताना त्याचा त्या दिवशीच्या कपड्यातला एक पूर्ण फोटो काढा. बाहीच्या आत, दंडावर बॉलपेनने मोबाईल नंबर लिहा. "हरवलास तर जिथं आहेस तिथंच उभा राहा आणि गणवेशवाल्या माणसाला सांग" एवढंच त्याला शिकवा. मोठ्यांसाठी एक भेटायची जागा ठरवा, आणि ती सावलीत असू द्या, कारण आई तिथे आधी पोहोचून बसणार आहेत.

रांग टाळायचं एक्सप्रेस तिकीट: मधल्या वारी, सुट्टी नसताना घेऊ नका, पैसे वाया जातात. दिवाळीनंतरच्या गर्दीतच जावं लागलं तर घेण्यासारखं आहे, पण पाचही जणांना नको. आई आणि मुलगा मोठ्या राईड करणारच नाहीत. मुलीसाठी आणि तिच्याबरोबर बसणाऱ्या एका मोठ्यासाठी घ्या. त्यात कुठल्या राईड येतात आणि किती वेळा, हे आधी वाचा. साधं तिकीट ऑनलाईन काढा, ते ठराविक तारखेचं असतं आणि मधल्या वारी बहुधा स्वस्त पडतं. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हेही वाचावं की वीज कडाडली किंवा जोराचा पाऊस आला की उघड्यावरच्या राईड थांबवतात. खोपोलीचा पाऊस आपल्या कराडच्या पावसासारखा नसतो.

सांगली-मिरजेकडच्या वाचकांसाठी एक पर्याय. सांगलीहून खोपोली ३०० किलोमीटरच्या वर जातं. तुमच्याकडे रेल्वे आहे. राणी चन्नम्मा एक्सप्रेस मिरजेहून दुपारनंतर निघून सकाळी बेंगळुरूला सोडते. तिथून म्हैसूर रस्त्यावर बिडदीला वंडरला हे असंच मनोरंजन पार्क आहे, २००५ पासूनचं. हवा खोपोलीपेक्षा कोरडी, थंड, म्हाताऱ्यांना सोसते. रात्रभर झोपून जाता येतं आणि कोणाला गाडी चालवावी लागत नाही. फक्त आरक्षण सुट्टीच्या आधी दोन महिने बघा.

तुमच्या बेताचं शेवटचं: पार्क बंद होईपर्यंत थांबू नका. मुलाने दोनदा "घरी कधी जायचं" विचारलं की निघा, मग सात वाजले असोत की साडेपाच. पार्क झाल्यावर दुसरी रात्रही खोपोलीलाच काढा. सकाळी पाली करून दुपारी शिरवळच्या आसपास जेवण आणि संध्याकाळपर्यंत कराड. एवढी रजा नसेल तर पाली सोडा, रात्रीचा प्रवास मात्र टाळा.